पोटखराब्यातला हरभरा

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराबा. शेतीशी संबंध नसलेल्या माणसाला तो आजाराचं नाव वाटतो. अर्थ एवढाच, की तुमच्या गटातली जी जागा पिकाखाली येऊ शकत नाही, म्हणजे ओढा, खडक, उतार, ती वेगळी काढून लिहायची. जमीन तुमचीच असते, पण तिच्यात काही पिकत नाही असं सरकार धरून चालतं. हा शब्द मी बाराखडीच्याही आधी ऐकला असेन, कारण माझे वडील तलाठी होते आणि आमच्याच शेताचा ओढ्याकडचा तुकडा उताऱ्यावर पोटखराबा होता.

शेत संगमनेर तालुक्यातल्या पठारावर, पुणे-नाशिक रस्त्यापासून थोडं आत. गावकीच्या वतनातून आमच्या लोकांच्या वाट्याला आलेली जमीन जशी असायची तशीच ती होती, म्हणजे दुसऱ्या कुणाला नको असलेली. माझ्या आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली आणि त्या मोकळ्या झालेल्या हातांनी ओढ्याकडचे दगड काढायला घेतले. दगडांचा बांध घातला, ओढ्यातला गाळ डोक्यावर वाहून आत टाकला. तेव्हापासून दर हिवाळ्यात तिथे हरभरा येतो. चांगला टपोरा येतो. आम्ही सगळे त्या हरभऱ्यावर वाढलो आणि कागदावर तिथे खडक होता.

वडिलांना आम्ही घरात दादा म्हणायचो. गावोगावचे लोक मात्र, कुठल्याही तलाठ्याला म्हणतात तसं, भाऊसाहेब म्हणायचे. पीकपाहणी म्हणजे तलाठ्याने शिवारात फिरून कुठल्या गटात काय उभं आहे ते डोळ्यांनी बघून लिहायचं. बरेच जण चावडीत बसूनच लिहायचे, मागच्या वर्षी ज्वारी होती ना, मग यंदाही ज्वारी. दादा मात्र चालत जायचे. लोकांना त्याचं फार कौतुक वाटायचं, पण मला आतली गोष्ट माहीत होती. दादांना ओला हरभरा अतोनात आवडायचा. ते बांधावर उभे राहायचे, "पीक कोन्तं?" असं ठरलेलं विचारायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत शेतकऱ्याने त्यांच्या हातावर मूठभर घाटे ठेवलेले असायचे.

आमच्या तुकड्याबद्दल मात्र ते तोंड उघडायचे नाहीत. त्यांची नेमणूक दुसऱ्या गावी असायची, पण आमच्या गावचा तलाठी रोजच्या उठण्याबसण्यातला. एक शब्द टाकला असता तर तो येऊन बघून गेला असता.

"साऱ्या जगाचं लिवता," आई म्हणायची, "आन् मामंजींनी डोकं फोडून केलेलं रान तेवढं दिसत न्हाई."

"आपलं आपुन लिहून घ्यायचं नसतं."

"मग कुनी लिवायचं?"

"ज्याचं काम हाय त्यानं."

हे संभाषण आमच्या घरात इतक्यांदा झालं की पुढे पुढे मी चुलीजवळ बसून दोघांचे ओठ हलायच्या आधीच वाक्यं म्हणून दाखवायची. मला दादांचा राग यायचा. तत्त्व म्हणून तत्त्व, पण आपल्याच बापाच्या कष्टावर कागदाचा दगड ठेवणारं हे कसलं तत्त्व, असं मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. ते सायकल काढून निघून गेले.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी संगमनेरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, दर जूनला नवी ऑर्डर निघेल का याची वाट बघत. नोकरी पक्की व्हायची तर पीएचडी हवी होती. माझा विषय होता घाटेअळीच्या पोटातलं एक प्रथिन. हरभऱ्याच्या घाट्याला गोल भोक पाडून अर्धं अंग आत खुपसून बसलेली ती अळी महाराष्ट्रात कुणाला दाखवावी लागत नाही. ती एवढं खाते आणि एवढं पचवते, ते ज्या प्रथिनांच्या जोरावर, त्यातलं एक मला वेगळं काढायचं होतं.

माझे मार्गदर्शक, आमचे सर, निवृत्तीला आलेले, अतिशय सज्जन आणि त्याहून भित्रे. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर "बघू" असं असायचं. प्रयोगशाळा हवी म्हटलं तर "बघू" म्हणाले आणि जिन्याखालची जुन्या बाकांची खोली मिळवून दिली. बर्फ हवा म्हटलं तर "बघू" म्हणाले आणि दूध संघातल्या एका विद्यार्थ्याच्या काकांना गाठून बर्फाची सोय लावली. त्यामुळे त्या शब्दावर चिडावं की त्याला नमस्कार करावा हे मला कधी कळलं नाही.

पहिल्या अळ्या मी आमच्याच ओढ्याकडच्या तुकड्यातून वेचून आणल्या. घाटेअळ्या एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी खोली लागते. स्टेशनरोडच्या फोटोस्टुडिओवाल्याकडून फिल्मच्या रोलच्या रिकाम्या काळ्या डब्या आणायच्या, झाकणाला सुईने भोकं पाडायची आणि एका डबीत एक अळी. खायला बेसन, यीस्ट आणि थोडी औषधं घालून शिजवलेल्या वड्या. जगभरच्या प्रयोगशाळांत ही अळी अशाच काहीशा खाद्यावर पाळतात. फरक इतकाच की आमचं बेसन आईने दळलेलं असायचं.

"मानसाला पिठलं करायचं तर हात आखडून घ्यावा लागतो," ती म्हणायची, "आन् हितं अळीला वड्या!" पण पीठ ती चाळून द्यायची.

अळी वाढली की बर्फावर ठेवून गार करायची, उघडायची, आतडं अलगद ओढून घ्यायचं. त्या हिरव्या रसात कितीतरी प्रथिनं. दोन काचांच्या मध्ये ओतलेल्या जेलमधून वीज सोडली की ती आपापल्या वजनाप्रमाणे खाली सरकत जातात, निळा रंग दिला की पट्ट्या दिसतात. वीज मध्येच गेली की सगळं फिसकटतं, आणि संगमनेरात वीज जायला कारण लागत नसे. असं करत करत माझी पट्टी हाती लागली. तिचे तुकडे करून एक तुकडा आम्ही लांबच्या शहरातल्या एका संस्थेत पाठवला. तिथे प्रथिनाची अक्षरं एकामागून एक वाचणारं यंत्र होतं. बऱ्याच महिन्यांनी अक्षरं आली. तुकडा लहान होता, त्यातली एकदोन अक्षरं यंत्रालाही नीट लागली नव्हती, पण मला तेवढ्यानेही आभाळ ठेंगणं झालं.

आता ती अक्षरं जुळवून बघायची होती. या प्रथिनाचं जनुक पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या मॅडमनी आधीच वाचून जगाच्या माहितीसाठ्यात जमा केलेलं होतं. जनुक म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक ओळ. मध्ये जागा सोडलेली नाही, पूर्णविराम नाही. तिच्यातल्या काही भागांवरून प्रथिन बनतं, मधले काही तुकडे पेशी गाळून टाकते. कामाचं कुठलं आणि गाळायचं कुठलं हे नुसत्या अक्षरांवरून ओळखायला तेव्हा संगणकाचा एक प्रोग्राम होता. तो अंदाज करायचा आणि बहुतेकदा बरोबर करायचा. त्या अंदाजावरून मॅडमनी ओळीवर खुणा केल्या होत्या, इथून इथवर कामाचं, इथून इथवर रिकामं.

माझा तुकडा कामाच्या भागात कुठेच बसेना.

याचा सरळ अर्थ असा होता, की मी भलतीच पट्टी कापली, भलतंच प्रथिन वाचून घेतलं आणि इतक्या दिवसांचं सगळं मुसळ केरात. सरांना सांगितलं तर ते "बघू" म्हणाले, पण तोंड उतरलेलं होतं. मी तो छापलेला कागद, कडेला भोकं असलेला, एकाला एक जोडलेला, सुट्टीत गावी घेऊन गेले आणि ओसरीवर अंथरला. भोवती कोंबड्या फिरत होत्या. पेन्सिलीने तीन-तीन अक्षरांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाखाली प्रथिनाचं अक्षर लिहायचं, असं करत मी बसले. कामाचे भाग पुन्हा बघून झाले. मग निव्वळ हट्टाने रिकाम्या भागात शिरले.

आणि तिथे तो होता. माझा तुकडा, ओळीने.

मी इतक्या मोठ्याने ओरडले की आई लाटणं घेऊन बाहेर आली. दादा चहाचा कप घेऊन कागदाजवळ उकिडवे बसले. मी त्यांना समजावून सांगितलं, की ही ओळ, हे कामाचे भाग, हा भाग रिकामा म्हणून सोडलेला, आणि माझं प्रथिन नेमकं इथलं निघालंय. त्यांनी चष्मा लावून खुणा बघितल्या.

"म्हंजी मॅडमनी ह्यो तुकडा पोटखराबा लावला."

"व्हय."

"आन् तिथं पीक उभं हाय."

"व्हय, दादा!"

"चावडीत बसून लिवलं म्हन की," दादा म्हणाले आणि खो-खो हसले. त्या दिवसापासून जनुकाच्या त्या भागाचं नाव पोटखराबा पडलं. मी तसंच म्हणायची, जिन्याखालच्या खोलीत मदतीला येणाऱ्या मुली तसंच म्हणायच्या, आणि एकदा तर सरांनीही गंभीर चेहऱ्याने विचारलं, "पोटखराब्याचं काय झालं?"

एका गोष्टीकडे मात्र सर पुन्हा पुन्हा बोट दाखवत होते. माझा प्रबंध तपासायला ज्या तज्ज्ञ येणार होत्या, त्या याच पुण्याच्या मॅडम. या विषयात जवळपास दुसरं कुणी नव्हतंच. म्हणजे माझी पदवी, आणि पदवीमागोमाग नोकरी, एका बाईने स्वतःची चूक मान्य करण्यावर येऊन ठेपली होती. सरांनी आयुष्यात माणसं पाहिली होती, त्यांना काही आशा वाटत नव्हती. मला वाटत होती, कारण माझं बरोबर होतं आणि त्या वयात तेवढं पुरेसं वाटतं.

प्रबंध देण्याआधी मॅडमच्या प्रयोगशाळेत काम मांडून दाखवायचं ठरलं. सर आणि मी सकाळच्या एसटीने पुण्याला गेलो. मी ठेवणीतली साडी नेसलेली. प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद ठेवून इंग्रजीत बोलायचं होतं, आणि मी ते घोकून घोकून पाठ केलेलं होतं. पहिल्या रांगेत मॅडम, मागे त्यांचे चुणचुणीत विद्यार्थी. सुरुवात बरी झाली. मग तो भाग आला, मी काठी पडद्यावर त्या तुकड्याकडे नेली आणि इंग्रजी शब्द डोक्यातून पुसल्यासारखा गेला. तोंडातून निघालं ते रोजच्या सवयीचं, "हा पोटखराबा नाहीये!"

मॅडमनी मान वर केली.

"पोट खराब?" त्यांनी मराठीत विचारलं. "कुणाचं? अळ्यांचं?"

मागे हसण्याची एक लाट आली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी घाईघाईने सांगायला गेले, की तसं नाही, तो जमिनीचा शब्द आहे, तलाठी लिहितात तो. पण माझं मराठीही धड येईना. मॅडम हसल्या नव्हत्या. त्या गंभीरपणे विचार करत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "शब्द कुठलाही असो, मुद्दा निघालाच आहे तर विचारते. अळी आजारी असेल तर तिच्या पोटात तिचं नसलेलं प्रथिनही असू शकतं. शिवाय तुम्ही तिला बेसन घालता. ही पट्टी हरभऱ्याच्या प्रथिनाची नाही, हे कशावरून? तुकडा एवढासा, त्यात अक्षरं अस्पष्ट. इतकं जुळणं योगायोगानेही जुळतं."

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आज आठवत नाही, चढ्या आवाजात बोलले एवढं आठवतं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हरभऱ्याचा कणही न खाल्लेल्या, धडधाकट अळ्यांवर पुन्हा करा. मग बोलू."

परतीच्या एसटीत मी नारायणगावपर्यंत गप्प होते आणि पुढे बोलायला लागले ते थांबेना. यांना स्वतःची नोंद सोडायची नाही म्हणून बेसनाचं निमित्त. पुण्यात बसून यांना पोटखराबा माहीत नाही आणि आमच्या अळ्यांची पोटं खराब ठरवतात. सर खिडकीतून बाहेर बघत होते. घाट लागला तसे ते म्हणाले, "तुला राग येईल, पण त्यांनी विचारलं ते बरोबर विचारलं. खरं तर ते मी विचारायला हवं होतं." मला राग आलाच. पण सरांनी "बघू"च्या पलीकडे जाऊन एवढं सलग वाक्य बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते, त्यामुळे मी गप्प बसले.

मग आम्ही टोमॅटो आणले. संगमनेरच्या बाजारात टोमॅटोला तोटा नव्हता, आणि घाटेअळी टोमॅटोही तेवढ्याच आनंदाने पोखरते. सर स्वतः पिशवी घेऊन बाजारात जायचे आणि फवारा न मारलेले टोमॅटो शोधत फिरायचे. बायका त्यांना विचारायच्या, "सर, लई लोनचं घालताय?" अंड्यातून निघाल्यापासून या नव्या पिढीला हरभऱ्याचा वासही लागू दिला नाही. पण ते सोपं नव्हतं. डब्यांत रस सुटायचा, बुरशी धरायची, खोलीला आंबूस वास लागायचा. जिन्यावरून जाणारी पोरं नाक दाबायची. जी अळी जराशी सुस्त दिसली ती बाहेर, म्हणजे पुन्हा कुणी पोट खराब म्हणायला नको. पुष्कळ मेल्या. ज्या जगल्या त्यांचा रंगसुद्धा बदलला, बेसनावरच्या आपल्या आयांसारख्या त्या दिसेनात. त्या दिवसांत मी रडले, प्रयोगशाळेतच, डब्या धुता धुता. एखादी बाई केवळ मोठ्या शहरात आहे म्हणून मी इथे सडक्या टोमॅटोत हात घालून बसलेय, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

पट्टी पुन्हा दिसली. त्याच जागी. या वेळी मोठा तुकडा कापला आणि वाचायला पाठवला.

उत्तर आलं ते मी उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्ची ओढून बसले. अक्षरं स्वच्छ होती. तुकडा लांब होता आणि गंमत म्हणजे तो नेमका शिवेवरचा निघाला. त्याचं अर्धं मॅडमच्या कामाच्या भागातलं आणि पुढचं अर्धं, मध्ये एक अक्षरही न सांडता, रिकाम्या भागातलं. अळी ते एका दमात वाचत होती. पहिलं अर्धं मॅडमनीच कामाचं ठरवलेलं, तेव्हा ते अळीचं नाही असं त्या म्हणूच शकत नव्हत्या, आणि दुसरं अर्धं त्याला चिकटलेलं होतं.

सर "बघू" म्हणाले नाहीत. ते सरळ ऑफिसात गेले आणि स्वतः पुण्याला फोन लावला. मी दाराशी उभी होते. पलीकडचं ऐकू येत नव्हतं. सरांनी सगळं सांगितलं आणि मग बराच वेळ नुसते "हो, हो" करत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "त्या येतायत. पहिल्या अळ्या ज्या शेतातल्या, तिथूनच अळ्या हव्या आहेत म्हणाल्या. त्यांचं जनुक दुसरीकडच्या अळीचं आहे, इथल्या अळीत फरक आहे का ते त्यांना बघायचंय." मला वाटलं, ही आणखी एक पळवाट.

मॅडम आल्या तेव्हा हरभरा भरात होता. नाशिककडे जाताना गाडी आमच्या गावाला वळवली. दादांनी रजा काढली होती. आईने बांधावर काट्याकुट्यांचा जाळ करून हुळा भाजला, म्हणजे ओल्या हरभऱ्याचे डहाळेच विस्तवावर धरून. मॅडमनी चपला काढून ठेवल्या, साडी खोचली आणि काळे हात करत हुळा खायला बसल्या. एवढं नीट सोलून खाणारी पुण्याची बाई आईने पाहिली नव्हती, माझ्या तोंडून ऐकून झालेलं तिचं मत तिथेच बदललं.

"तुमचं शेत कुठपर्यंत?" मॅडमनी दादांना विचारलं.

"ह्यो बांध हाय तिथवर. आन् ह्ये ओढ्याकडचं, आपुन बसलोय ते, ह्ये समदं पोटखराबा."

मॅडमचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. "म्हणजे तो शब्द हा होय!" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "पण इथे तर हरभरा आहे."

"हाय की. कागदावर न्हाई."

"मग कागद कोण दुरुस्त करतं?"

दादांनी जाळातलं एक डहाळं उलटं केलं. "ज्यानं लिवला त्यानं करायचा असतो, मॅडम."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या, डब्या मागितल्या आणि माझ्या बरोबरीने वाकून अळ्या वेचायला लागल्या. त्या वाकून वेचत होत्या आणि मी मनातल्या मनात इतके दिवस त्यांना काय काय म्हणत आले होते ते एकेक आठवत होते.

त्यांनी आमच्या अळ्यांचं जनुक नव्याने वाचलं. ओळ तीच निघाली. मग त्यांनी स्वतःच्या हाताने माहितीसाठ्यातली नोंद बदलली. रिकामा भाग कामाचा झाला, आणि कशावरून झाला तेही तिथे लिहिलं, की प्रत्यक्ष अळीतून काढलेल्या प्रथिनावरून. माझ्या तोंडी परीक्षेला संगमनेरातली बरीच माणसं आली होती. दादा मात्र लोकांत बसायला लाजून आले नाहीत. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पहिली नोंद माझी होती आणि ती चुकीची होती. मी अक्षरं बघितली, हिने अळी उघडून बघितली." मग त्यांनी पदवी देण्याची शिफारस वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सर डोळे पुसत होते.

मी संध्याकाळच्या गाडीने घरी गेले. पेढे दिले, आईच्या पाया पडले. दादांच्या पाया पडायला गेले तर त्यांनी हात धरून खाली बसवलं.

"ती नोंद कुनी दुरुस्त केली म्हनलीस?"

"मॅडमनीच."

"सोताहून?"

"सोताहून. सगळ्यांदेखत सांगितलं की माझी चूक होती."

"मग लोकं काय म्हनली?"

"काय म्हणणार? टाळ्या वाजवल्या."

दादांनी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. "मी आपल्या तुकड्याचं कुनाला बोललो न्हाई," ते म्हणाले, "तुला वाटायचं मी लई तत्त्वाचा. तत्त्व कसलं, पोरी. आमच्यातला पयला मी, हातात पेन घ्येतलेला. आपल्या रानासाठी शबूद टाकला आसता तर गाव म्हनलं आसतं, बघा, पेन हातात आलं आन् पयलं सोताचं भरलं. त्याचं भ्या वाटायचं मला. नोकरीभर वाटलं."

मी त्यांच्यावर काय काय तोंडसुख घेतलं होतं, आणि हा माणूस इतकी वर्षं नुसता घाबरलेला होता. मला भडभडून आलं. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. आईने काही न बोलता दोघांच्या मध्ये पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

त्यानंतर दादा निवृत्त झाले, आणि पुढच्या हिवाळ्याआधी त्यांनी रांगेत उभं राहून, इतर कुणीही करतो तसा, तुकडा लागवडीखाली लावण्यासाठी अर्ज केला. कुणाला शब्द टाकला नाही. तालुक्यातून दोनदा परत पाठवलं तर दोन्ही वेळा पुन्हा गेले. पाहणीला नवा तलाठी आला, पॅन्टशर्टातला तरुण मुलगा. मी मुद्दाम सुट्टी घेऊन गेले होते. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि बांधावर कडेला उभे होते, आई त्यांच्या मागे. मुलाने पेनाचं टोपण काढलं, ओढ्याकडे नजर टाकली आणि विचारलं, "काका, पीक कोणतं?"

दादांनी तोंड उघडलं पण आवाज फुटेना. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून विचारलेला प्रश्न होता तो. मुलगा वाट बघत थांबला. आईने मागून हळूच कोपराने ढोसलं, "सांगा की."

"हरभरा," दादा म्हणाले. मग घसा साफ करून पुन्हा नीट म्हणाले, "हरभरा हाय, भाऊसाहेब. माज्या बापानं केलेलं रान हाय ह्ये."

मुलाने लिहून घेतलं. तोपर्यंत दादांनी वाकून मूठभर घाटे तोडले होते, ते त्यांनी त्याच्या हातावर ठेवले.